पक्कं म्हणजे काय, एवढंच विचारलं होतं

म्हैसूर, गुरुवार

तीर्थरूप नरहरीमामांच्या चरणी सुष्माचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल संध्याकाळी पोचलं. दर पत्राच्या माथ्यावर तुम्ही 'अनेक आशीर्वाद' लिहिता, ते ह्या खेपेला विसरलात की रागाने गाळलंत, ते कळलं नाही. मी मात्र रीत सोडणार नाही. उजवा गुडघा कसा आहे? त्याच्या नादाने डावा बिघडला नाही ना? मामींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का, आणि झालं असेल तर घरात एवढी धूळ होती हे त्यांना आता दिसायला लागलं का? (माझ्या ओळखीच्या दोन बायकांचं असंच झालं. डोळे सुधारले आणि आठवडाभर त्या फडकं घेऊन घरभर फिरत होत्या.) बेळगावला थंडी असेल. आमच्याकडे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असं चाललंय. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीने. तुमचे मेहुणे, आमचे आप्पा, रोज दोन वेळा फिरायला जातात आणि माझ्याशी बोलत नाहीत. पांडुरंगदादाही माझ्याशी बोलत नाही, पण तो फिरायलाही जात नाही.

आई गेल्यापासून आमच्या घरातले तंटे तुमच्याकडे येतात, हे मला मान्य आहे. पण ह्या वेळी दादाने तंटा तर पाठवलाच, वर निकालही स्वतःच लिहून पाठवलेला दिसतो. तुम्ही विचारता की सुष्मे, तू कंपनीच्या गिऱ्हाइकांना खोलीत कोंडलंस, नोकरी घालवलीस आणि सख्ख्या भाचीचं लग्न मोडलंस, हे खरं का? आणि खरं असो वा नसो, सगळ्यांची माफी मागून मोकळी हो. मामा, पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. दुसरी अजून खरी झालेली नाही. तिसरी साफ खोटी आहे. आणि माफीचं म्हणाल, तर ती मी मागणार नाही. तुम्हांला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. वाचताना मध्येच चष्मा काढून ठेवायचा नाही.

आधी माझी नोकरी काय आहे ते सांगते, कारण गेली वीस वर्षं तुम्ही दर दिवाळीला विचारता की तू प्रोग्रॅम लिहीत नाहीस तर मग त्या सॉफ्टवेअर कंपनीत करतेस काय. मी लोकांना, तुम्हांला काय हवंय, ते विचारते. बस, एवढंच. आमच्या धंद्यात ह्याला रिक्वायरमेंट गोळा करणं म्हणतात. जणू लोकांनी आपापल्या गरजा गच्चीवर सांडग्यांसारख्या वाळत घातल्या आहेत आणि मी परात घेऊन जायचं आणि ऊन उतरायच्या आत भरून आणायच्या. तसं असतं तर त्या कामाला कुणीही चाललं असतं. खरं म्हणजे माणसाला काय हवं ते त्याला धड ठाऊक नसतं. काय नको, ते मात्र तो चहा होईपर्यंत सांगत बसतो. त्यातून दोन माणसं एकच शब्द वापरतात आणि त्यांच्या मनात दोन निराळ्या वस्तू असतात. दोघेही माना डोलावतात, प्रोग्रॅम लिहिणारी मुलं तिसरीच वस्तू बनवतात, आणि मग सगळे मिळून त्या मुलांना शिव्या देतात. असा शब्द वेळेत हुडकून काढायचा आणि तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा, हे माझं काम. ते मी बरं करते. माझ्या तोंडून हे ऐकायला तुम्हांला आवडणार नाही, पण दुसरं कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगते.

आता आमचा भुवन. हा माझा साहेब, माझ्याहून चांगला पंधरा वर्षांनी लहान. मुलगा वाईट नाही. आईला रोज फोन करतो, माझ्या स्कूटरला सावलीत जागा ठेवतो. पण तो बंगळूरला कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि आल्या आल्या त्याने जाहीर केलं की आपण गरजा गोळा करण्याची पद्धत सुधारायची. पद्धत अशी, की गिऱ्हाइकाकडच्या प्रत्येक माणसाला एकेकट्याने भेटायचं आणि त्याची प्रत्येक इच्छा एका रंगीत कार्डावर लिहायची. वाक्यसुद्धा ठरलेलं. मी अमका म्हणून मला तमुक हवं, म्हणजे ढमुक होईल. ती कार्डं भिंतीवर लावायची. महिनाभरात आमच्या भिंतीवरचं घड्याळ कार्डांखाली गेलं आणि लोक वेळ विचारायला एकमेकांकडे जाऊ लागले. दर सोमवारी कार्डं मोजायची. ज्याची कार्डं जास्त, त्याचं काम चांगलं. मी एका आठवड्यात एकच प्रश्न घेऊन आले, तो प्रश्न कुठल्याच वाक्यात बसेना, म्हणून माझ्या नावापुढे शून्य पडलं. भुवन मला समजावत म्हणाला की मॅडम, प्रश्न नको, गरज आणा. मी म्हटलं, प्रश्न हीच ह्या लोकांची गरज आहे. तेव्हापासून मला 'जुन्या पद्धतीच्या' म्हणायला लागले. (मी सुम्ने गप्प बसले. 'सुम्ने' खोडू नका मामा. उगीच, फुकट, काही कारण नसताना, आपलं असंच, ह्या सगळ्यांचं काम तो एक कानडी शब्द करतो. बेळगावात ह्याच्या तोडीचा मराठी शब्द निघाला तर कळवा.)

आणि हे गिऱ्हाईक कोण, तर इथल्याच हूटगळ्ळी भागातलं एक कल्याण मंटप, म्हणजे तुमचं मंगल कार्यालय. मालक आपल्यातलेच, जुन्या पलटणीतल्या घराण्यातली तीन भावंडं. थोरले शंभूराव लग्नाच्या तारखा देतात. मधले रणोजीराव जाहिरात आणि ऑनलाइनचं सगळं बघतात. धाकटी श्रीलक्ष्मी स्वयंपाकघर सांभाळते, आणि तिच्या हातच्या भाताच्या नावावर ते मंटप चालतं. तिघं एका आवारात तीन खोल्यांत बसतात आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचाराल तर जेवणाच्या दालनाचा रंग. शंभूरावांना पिस्ता हवा होता, रणोजीरावांना मोतिया, आणि श्रीलक्ष्मीचं म्हणणं की कुठलाही द्या पण सांबाराचे डाग धुतले गेले पाहिजेत. रंगाऱ्याने वैतागून अर्धं दालन पिस्ता आणि अर्धं मोतिया केलं, डाग दोन्हीकडचे तसेच राहिले, आणि त्या दिवसापासून भावंडांमधलं बोलणं मॅनेजरमार्फत चालतं. तो बिचारा दिवसभर तीन खोल्यांतून निरोप वाहतो.

भुवनच्या पद्धतीला असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणी. तिघांना वेगवेगळं भेटायचं ठरलेलंच होतं, इथे तर ते आपणहून वेगळे बसलेले. कार्डांचा ढीग जमला. पण मी ती वाचत असताना एका शब्दापाशी अडखळले. तिघांनीही म्हटलं होतं की बुकिंग पक्कं झालं की स्क्रीनवर हिरवं दिसावं. आता शंभूरावांचं पक्कं म्हणजे घरच्या लोकांनी समोर बसून पान-सुपारी घेतली की. रणोजीरावांचं पक्कं म्हणजे वेबसाइटवरून आगाऊ रक्कम जमा झाली की. आणि श्रीलक्ष्मीचं पक्कं म्हणजे त्या दिवशी चूल पेटणार की बंद राहणार, हे तिने ठरवलं की. एकच शब्द, तीन अर्थ, आणि मंटपात दालन एक. मी मीटिंगमध्ये सांगितलं की ह्या तिघांना एकत्र बसवून आधी हे ठरवून घ्या. भुवन म्हणाला की गिऱ्हाइकांना आपल्यासमोर भांडायला लावायचं नसतं, आपण प्रत्येकाला त्याचं वेगळं बटण देऊ. दिलंही. मी पुन्हा हरकत घेतली, तेव्हा माझी हरकत 'पार्किंग लॉट'मध्ये गेली. म्हणजे आमच्याकडचा एक फळा, ज्यावर नंतर बोलायच्या गोष्टी लिहितात. तिथे लावलेली गाडी पुन्हा कुणी बाहेर काढत नाही. मग सॉफ्टवेअर दाखवायचा दिवस आला. तीन खोल्यांत तिघांनी आपापल्या स्क्रीनवर आपापलं बटण दाबलं, तिन्हीकडे हिरवं झालं, तिघांनी टाळ्या वाजवल्या. भुवनने त्या टाळ्यांचा फोटो काढून कंपनीत सगळ्यांना पाठवला.

इथे आपल्या अमूल्याचं लग्न येतं. दादाची ही मुलगी तुम्ही शेवटची पाहिलीत तेव्हा कपाटावर चढून बसायची, आता सीए होते आहे. बंगळूरच्या धनुषशी तिचं जमलं, मुलगा दादा-वहिनींना पसंत, आम्हांलाही पसंत. दादाने हेच मंटप धरलं. मी त्याला म्हटलं होतं की जरा थांब. तर म्हणाला, तुझ्या कंपनीने केलेलं सॉफ्टवेअर आहे आणि तुझाच विश्वास नाही? मी म्हटलं, म्हणूनच नाही. त्याला वाटलं मी विनोद केला. तो आणि आप्पा शंभूरावांकडे जाऊन पान-सुपारी घेऊन आले, शंभूरावांनी बटण दाबलं, हिरवं झालं. त्याच सुमारास जवळच्या वरुणा गावच्या एका कुटुंबाने वेबसाइटवरून तोच दिवस आणि तोच मुहूर्त घेतला, रणोजीरावांनी बटण दाबलं, हिरवं झालं. आणि श्रीलक्ष्मीने त्याच दिवशी धुराडं दुरुस्त करायला म्हणून स्वयंपाकघर बंद ठेवलं होतं. तिने आपलं बटण दाबलं, तेही हिरवं झालं. म्हणजे मामा, एका मांडवात दोन नवऱ्या आणि जेवण नाही, आणि सगळीकडे हिरवंगार.

हे फुटलं कसं, तर वरुण्याच्या त्या घरातले आजोबा आप्पांच्या जुन्या ओळखीचे निघाले. त्यांची लग्नपत्रिका आप्पांना आली. आपली पत्रिका तेव्हा छापखान्यातून तपासायला आलेली टेबलावरच होती. आप्पांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. मंटप तेच, तारीख तीच, वेळ तीच. आप्पा शांतपणे म्हणाले की वरुण्याच्या लोकांनी पत्रिका नीट तपासलेली दिसत नाही, आपलीच माहिती त्यांच्या कार्डावर छापून गेली आहे. ते अजूनही तेच म्हणतात.

दादाने मला फोन करून जे सुनावलं ते लिहीत नाही, तुम्ही हे पत्र मामींना मोठ्याने वाचून दाखवाल. मी ऑफिसात गेले तर तिथे वेगळाच तमाशा. भुवनने ह्याला प्रोग्रॅमची चूक म्हणून नोंदवलं होतं आणि ज्या मुलाने तो लिहिला तो रडकुंडीला आला होता. त्याने कार्डावर होतं ते तंतोतंत केलं होतं. उपाय म्हणून भुवनला चौथं बटण हवं होतं, आणि स्क्रीनवर एक सूचना, की ही तारीख कदाचित दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते. मी विचारलं, कदाचित म्हणजे किती? नवरीला मांडवात कदाचित बसवायचं का? पक्कं म्हणजे काय हे ह्या लोकांनी कधी ठरवलेलंच नाही आणि आपण त्यांना कधी विचारलेलं नाही, एवढीच ह्यातली चूक आहे. तर भुवनने मला बजावलं की तिघांना समोरासमोर आणायचं नाही, संबंध बिघडतील. जे संबंध दालनाच्या रंगावरून संपलेले, ते आणखी कसे बिघडणार, हे त्याने सांगितलं नाही. मी आयतु, म्हणजे बरं, म्हटलं आणि डबा घेऊन निघाले.

आता कोंडण्याबद्दल. दादाने तुम्हांला सांगितलं असेल की मी बाहेरून कडी लावली. खोटं आहे. मी आत होते. नव्या सॉफ्टवेअरचं शिक्षण द्यायचं म्हणून तिघांना मी वेगवेगळा निरोप धाडून मंटपातल्या नवरीच्या खोलीत बोलावलं, तिघं आले, एकमेकांना पाहून परत फिरले, आणि तोवर मी आतून कुलूप लावून किल्ली माझ्या डब्यात उप्पीटाखाली दडवली होती. खोलीत पंखा होता, प्यायचं पाणी होतं, आणि नवरीसाठी बांधलेली असल्यामुळे न्हाणीघर माझ्या घरच्यापेक्षा चांगलं होतं. शिवाय तिथे चारी भिंतींना आरसे आहेत. तिघं एकमेकांकडे पाठ करून बसले तरी एकमेकांची तोंडं दिसतच होती. तिघांजवळ मोबाईल होते. रणोजीरावांनी पोलिसांना फोन करायला तो काढलाही, पण मंटपाचा पत्ता जुना सांगायचा की नवा, हे त्यांना आरशातल्या शंभूरावांना विचारावं लागलं. (दोघांच्या व्हिजिटिंग कार्डांवर पत्ते निराळे आहेत.) शंभूराव म्हणाले जुना. रणोजीराव म्हणाले त्या रस्त्याचं नाव बदललंय. ह्यावर बोलणं असं रंगलं की पोलीस राहूनच गेले. मामा, रंगानंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण.

मी मध्ये शिरून म्हटलं, "एकच विचारते. पक्कं म्हणजे काय?" तिघांनी आपापलं सांगितलं, आणि सांगताना दुसऱ्याचं ऐकायला लागलं, कारण जाणार कुठे. शंभूराव संतापले की पान-सुपारी दिलेल्या माणसाला आता मी काय तोंड दाखवू. रणोजीराव म्हणाले, रक्कम घेऊन तारीख न देणं ह्याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. दोघं उभे राहिले, हातवारे सुरू झाले, आणि आरशांमुळे मला एकदम दहा-बारा शंभूराव आणि तितकेच रणोजीराव दिसायला लागले. खरं सांगते, तेव्हा मात्र मला भीती वाटली. नोकरीची वाटली, आणि अमूल्याचीही वाटली.

तेव्हा श्रीलक्ष्मी बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्ही दोघं तारखा देता अण्णा. त्या दिवशी जेवण मिळेल का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही."

दोघं थांबले. तिने सांगितलं की धुराडं गेल्या पावसाळ्यापासून तुंबलंय, भट्टीपाशी उभं राहणाऱ्या बायका दिवसभर खोकतात, एकीला तर डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. ती म्हणाली, मी शंभूअण्णाला निरोप पाठवला, त्याने रणोजीअण्णाला सांग म्हणून कळवलं. रणोजीअण्णाला पाठवला, त्याने शंभूअण्णाला सांग म्हणून कळवलं. मग मी त्या सॉफ्टवेअरला सांगितलं. त्याने हिरवं दाखवलं आणि कुणालाच काही कळवलं नाही. "तेही अगदी तुमच्यासारखंच निघालं," ती म्हणाली. मामा, ती रडली वगैरे नाही. तिने पदराने समोरच्या आरशावरचा एक डाग पुसला, आणि ते बघवलं नाही.

मग रणोजीरावांना भूक लागली. रागात माणसाला भूक जास्त लागते हे मी त्यांच्याकडे बघूनच शिकले. त्यांनी न विचारता माझा डबा उघडला, चार घास खाल्ले आणि किल्ली दाताखाली आली. त्यांनी ती रुमालाने पुसली, खिडकीत ठेवली, आणि शंभूरावांपुढे डबा सरकवून म्हणाले की तर मग आधी धुराड्याचं बोलू. किल्ली तिथेच पडून राहिली. दार उघडायला कुणी उठलं नाही. म्हणून मी म्हणते की कोंडण्याचा आरोप अर्धाच खरा आहे. उप्पीट संपल्यावर कोणीही कोंडलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी एक वाक्य ठरवलं. तिघांनी 'हो' म्हटल्याशिवाय तारीख द्यायची नाही, आणि तिघांना दिसणारी स्क्रीन एकच. भुवनच्या भिंतीवरच्या सगळ्या कार्डांत हे वाक्य नव्हतं, कारण ते तिघांपैकी एकाचंही नव्हतं. ते एकत्र बसल्यावरच तयार झालं. मला ह्याहून वेगळं काही म्हणायचं नाही, आणि हेच म्हणायला मी वर्षभर परवानगी मागत होते.

राहिली दोन लग्नं. श्रीलक्ष्मी म्हणाली, धुराडं आधी दुरुस्त करून घेऊ, पण त्या दिवशी एकच लग्न जेवू घालीन. शंभूराव लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही आमच्यातल्या, वरुण्याच्या लोकांना दुसरी तारीख देऊ. मामा, मी हो म्हटलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण नियम करून घटकाभर झाला नव्हता आणि माझ्याच घरासाठी तो मोडायचा, मग तो उद्या कोण पाळणार? मी सांगितलं की दोन्ही घरांना बोलवा आणि विचारा. बोलावलं. वरुण्याचं कारण खरं होतं. नवऱ्या मुलाचा भाऊ सैन्यात, त्याला रजा तेवढीच. मग आमच्या घराची पाळी आली. दादा, वहिनी, आप्पा एका सुरात सांगत होते की तारीख हलवता येणार नाही. अमूल्या मागे उभी होती. मी तिला विचारलं, "तुला काय हवंय ग?"

ह्या एका प्रश्नासाठी दादा माझ्याशी बोलत नाही. पोरीने आधी बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि मग सांगून टाकलं की तिची शेवटची परीक्षा लग्नाच्या तारखेला लागूनच आहे, साड्यांच्या दुकानात बसूनसुद्धा ती मोबाईलवर अभ्यास करत होती, आणि लग्न परीक्षेनंतर झालं तर तिला फार बरं वाटेल. वहिनी म्हणाली, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला वाटलं ठरलंय. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला की लग्नाची तारीख मुलीला विचारून ठरवतात का. मी म्हटलं, लग्न तिचं आहे ना? त्यावर तो म्हणाला की तुझं ऑफिस घरात आणू नकोस. मामा, ह्यात ऑफिस कुठे आलं? माझ्या कानांना दोन्हीकडे एकच गोष्ट ऐकू येते. ज्याचं काम त्यालाच सोडून बाकी सगळ्यांना विचारलेलं असतं. लग्न मोडलेलं नाही. परीक्षेनंतरची तारीख ठरली आहे, मंटप तेच, आणि ह्या वेळी तिघांनी हो म्हटलंय.

नोकरीचंही सांगते. मंटपाच्या मॅनेजरने भुवनला सगळं कळवलं आणि भुवनने मला त्या कामावरून काढलं. गिऱ्हाइकाची लेखी माफी मागा म्हणाला. मी लेखी विचारलं की माफी नेमकी कशाची, ते पक्कं करून कळवावं. त्याचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी मंटपाकडून निरोप आला, तिघांच्या नावाने एकच, की पुढच्या कामाला सुष्माबाईंनाच पाठवा. त्यावर ह्या मुलाने काय करावं? त्याने माझ्या त्या दुपारचीच एक पद्धत बनवली. तिला नाव दिलं 'बंद खोली कार्यशाळा'. तिचं एक कार्ड केलं, त्यावर आरसे, पाणी आणि अल्पोपाहार अशा सोयी लिहिल्या, आणि दर महिन्याला किती गिऱ्हाइकांना बंद केलं ते मोजायचं ठरवलं. मी नाही म्हणून सांगितलं. ते कुलूप म्हणजे पद्धत नव्हती, तो नाइलाज होता. माणसांना आधीच एकत्र बसवलंत तर दार सताड उघडं ठेवून हेच काम होतं. हे त्याला कळेपर्यंत मी खिडकीपाशी बिनकामाची बसले आहे. पगार चालू आहे. परवा भुवनने हळूच येऊन विचारलं की मॅडम, मग सोमवारी मोजायचं तरी काय? प्रश्न बरा होता, म्हणून मी त्याला बसायला खुर्ची दिली. उत्तर अजून आम्हां दोघांनाही सापडलेलं नाही.

तर मामा, हे असं आहे. दादाची माफी मागणार नाही, कंपनीची मागणार नाही, आणि तुम्ही रागावलात तर तुमचीही मागणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा विचारीन. तुमच्याकडून मला काहीही नको, फक्त दोन्ही बाजू तुमच्यापर्यंत पोचाव्यात म्हणून हा प्रपंच. गुडघ्यांना तेल लावत जा. मामींना नमस्कार.

तुमची, ताठ मानेची,
सुष्मा

ता. क. : तारीख पुढे गेल्याचं धनुषला ठाऊक आहे आणि तो खूश आहे. त्याच्या घरी मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. दादा समजला मी घोळ घातला म्हणजे मीच कळवलं असेल. मी समजले मुलीच्या बापाने कळवलं असेल. अमूल्या समजली धनुषने सांगितलं, आणि धनुष समजला की अशा गोष्टी मोठी माणसं आपापसांत बोलतात. काल त्याच्या आजीचा, रुक्मिणीबाईंचा, फोन आला की आमच्या पत्रिका छापायला टाकू का. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांना रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

ता. क. दुसरं : रुक्मिणीबाईंचे यजमान आणि तुम्ही म्हैसुरात एका वर्गात होतात, आणि त्या तुम्हांला मानतात. तेव्हा पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीचं तुमचं बंगळूरचं तिकीट काढलं आहे, खालचा बर्थ. धनुष स्टेशनवर येईल. रविवारी सकाळी तुम्ही एक महत्त्वाचं बोलायला येताय असं मी त्यांना कळवलं आहे. त्या तुमच्यासाठी मद्दूर वडे करणार आहेत, त्यामुळे आता नाही म्हणणं बरं दिसणार नाही.

ता. क. तिसरं : तुम्हांला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. हे सगळं लिहून झाल्यावर मामींना फोन करून विचारलं. त्या येताहेत. त्यांची बॅग भरून झाली आहे.